शिल्पकलेच्या पहिल्याच वर्षी थ्रीडी प्रिंटिंग शिकावं का? माझं मत: हो

ओली_माती:
गेल्या आठवड्यात नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या स्टुडिओत एक मुलगी आली होती. शिल्पकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला कॉम्प्युटरवरचं मॉडेलिंग, स्कॅनिंग, प्रिंटिंग, सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमानं कोरणारं यंत्र) हे सगळं आत्ताच शिकायचंय आणि वडील म्हणतात, आधी हात बसू दे. "सर, तुम्ही बाबांना समजवा." मी त्या भानगडीत पडलो नाही, पण मत इथे मांडतो. घ्या दगड हातात.

आत्ताच शिकावं. मशीन कला करतं म्हणून नाही, तर मशीनपुढे "अंदाजे" चालत नाही म्हणून. माझीच फजिती सांगतो. सोळा वर्षं चाकावर बसतोय. लोणच्याच्या बरण्यांची ऑर्डर होती. बरण्या चाकावर काढल्या आणि झाकणं सगळी एकसारखी हवीत म्हणून झाकणाचं मॉडेल कॉम्प्युटरवर केलं, प्रिंट काढली, तिच्यावरून प्लॅस्टरचा साचा घेतला आणि त्यात स्लिप, म्हणजे पातळ कालवलेली माती, ओतली. माती १२ टक्के आकसते, हे मला पाठ. झाकण १०० मिमी हवं, म्हणून मॉडेल केलं ११२ चं. भट्टीतून निघालं साडेअठ्ठ्याण्णव! बरणीवर ठेवलं की खुळखुळ. १२ टक्के जातात ते ११२ चे, १०० चे नाही. १०० ला ०.८८ ने भागायचं, म्हणजे ११३.६. हे मला सोळा वर्षांत चाकानं शिकवलं नव्हतं, कारण चाकावर मी चिमटीनं सांभाळून घेत होतो.

आवा_पेटला:
म्हणजे भागाकार शिकायला प्रिंटर लागला. छान.

राग मानू नका, आमच्या घरात चार पिढ्या चाक आहे. आजोबा मडकं आणि त्याची येळणी, म्हणजे झाकण, एकाच मातीतून, एकाच दिवशी काढायचे. सुकायला एकाच सावलीत, भाजायला एकाच आव्यात. दोघं सोबत आकसणार, मग बसणार नाही तर जाईल कुठे? तुम्ही बरणी एका मातीची केली, झाकण दुसरीकडे कॉम्प्युटरवर केलं आणि मग त्यांचं लग्न लावायला गणित शोधत बसलात. ही अडचण मशीननं सोडवली नाही, मशीननंच आणली. पोरीचे वडील बरोबर आहेत.

स्लिप_आणि_साचा:
@ओली_माती, ११३.६ केलं असतंत तरी झाकण नीट बसलंच असतं याची खात्री नाही. ओतायची स्लिप आणि चाकाची माती सारख्या आकसतात असं कोण म्हणालं? दोन्हींच्या पट्ट्या करा, ओल्या असताना १०० मिमीची रेघ मारा, त्याच भट्टीत भाजा आणि रेघ मोजा. सॉफ्टवेअरमध्ये आकडा टाकायचा तो त्यानंतर. वर्गात हे शिकवत असतील तर पोरीला जरूर पाठवा. नुसत्या रंगीत फुलदाण्या छापून घेत असतील तर पैसे वाचवा.

अंबडचा_पॅटर्नवाला:
मी मातीतला नाही, फाउंड्रीचे पॅटर्न करतो, म्हणजे ज्यावरून धातू ओतायचा वाळूचा साचा घेतात ते नमुने. तुमचा वाद वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे तो कधीच होऊन गेलाय. ओतलेला धातूही आकसतो, ॲल्युमिनियम साधारण १.३ टक्के, बीड (ओतीव लोखंड) एक टक्क्याच्या आसपास. म्हणून जुन्या मिस्त्रींकडे वेगळी पट्टीच असायची, तेवढ्या प्रमाणात लांब आखलेली. भागाकार त्या पट्टीतच. व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं कोरणयंत्र) आलं तेव्हा वाटलं, मिस्त्री घरी बसणार. झालं उलटं. ड्राफ्ट, म्हणजे पॅटर्न सुटावा म्हणून बाजूंना उतार, किती द्यायचा, साचा कुठे अडकेल, पार्टिंग, म्हणजे साच्याचे दोन भाग, कुठून घ्यायचं हे मिस्त्रींना ठाऊक. आमच्या शॉपमध्ये नुसता सॉफ्टवेअर शिकून आलेला पोरगा अंडरकटवाला, आत वळलेल्या खाचेचा पॅटर्न काढायचा आणि तो वाळूतून निघायचाच नाही.

तेव्हा दोन्ही शिका, पण आधी चार साचे हातानं फोडा.

दगड_छिन्नी:
"हातानं" म्हणजे नक्की काय, ते आधी ठरवा. फ्रेंच शिल्पकार रोदाँची शिल्पं मोठ्या आकारात करायला हेन्री लबोसे नावाचा माणूस यंत्र वापरायचा. लहान नमुन्यावर एक टोक फिरवायचं, दुसरं टोक मोठ्या मातीवर. संगमरवरात काम करणारे पॉइंटिंग मशीन, म्हणजे नमुन्यावरची मापं दगडावर उतरवायचं साधन, वापरत आले. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातले शिल्पकार राम सुतार घ्या. सरदार पटेलांच्या १८२ मीटरच्या पुतळ्यासाठी आधी ३० फुटी पुतळा झाला, त्याचं स्कॅनिंग झालं आणि मग तो कॉम्प्युटरवर वाढवला. छिन्नी घेऊन १८२ मीटर कोण चढणार?

आवा_पेटला:
अहो, पण ३० फुटी पुतळा कुणी केला? ज्याच्या हातात आधीच पन्नास-साठ वर्षांचं काम होतं त्यानं. यंत्राला वाढवायला काहीतरी लागतं ना. पहिल्या वर्षाची पोरगी काय वाढवणार, शून्य?

शाडूवाला_पंचवटी:
माझा विरोध वेगळ्याच कारणाने. गेल्या वर्षी गणपतीचं एक नवीन मॉडेल केलं, शाडूत, तीन आठवडे बसून. सोंडेचा वळसा, मांडीवरची घडी, सगळं नवं. बुकिंगच्या वेळी एक गिऱ्हाईक मोबाईल घेऊन मूर्तीभोवती फिरत होतं. मला वाटलं, व्हिडिओ काढतोय. यंदा दुसऱ्या एका स्टॉलवर तीच मूर्ती, इंचभर लहान. उजव्या कानामागे माझ्या कोरणीची चुकलेली रेघ होती, तीसुद्धा आलीय! साचे पूर्वीही चोरीला जायचे, पण त्यासाठी मूर्ती तरी विकत घ्यावी लागायची. आता नुसती प्रदक्षिणा घातली की झालं.

ओली_माती:
@शाडूवाला_पंचवटी, हे वाईटच. पण त्याला तुम्ही स्कॅनिंग न शिकणं हा उपाय नाही ना. उलट तुमच्या मूळ मूर्तीचं तारखेसह स्कॅन हवं होतं, दाखवायला.

शाडूवाला_पंचवटी:
कुणाला दाखवू? भाद्रपदात वेळ असतो का भो!

कॉलेजरोड_कट्टा:
थोडं बाजूचं. ही सोय शहरातच आली असं समजू नका. अमेरिकेतल्या एमआयटीच्या फॅब लॅबची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा) बाहेरची अगदी सुरुवातीची शाखा पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, विज्ञान आश्रमात निघाली, २००२ साली. खेड्यातली पोरं तिथे असली यंत्रं हाताळत होती, तेव्हा आपण सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजत होतो. त्यामुळे "आपल्याकडे हे नवीन आहे" हा मुद्दा बाद.

पहिलं_वर्ष:
ती मुलगी मीच. सर, तुम्ही माझं प्रकरण इथे टाकलंत हे मैत्रिणीकडून कळलं.

बाबा इथे नाहीत, म्हणून मोकळं लिहिते. मी एक मुखवटा छापला होता, पीएलए या प्रिंटरच्या प्लॅस्टिकमध्ये, पातळ भिंतीचा. थरांच्या रेघा घासायला दोन संध्याकाळी गेल्या, नाहीतर प्रत्येक रेघ प्लॅस्टरमध्ये उतरते. मग वर प्लॅस्टर ओतलं. जाड ओतलं. प्लॅस्टर धरताना गरम होतं हे माहीत होतं, पण पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं हे तेव्हा डोक्यात आलं नाही. गाल आत बसला. बाबा बघून म्हणाले, "लकवा मारलाय याला." तो साचा मी ठेवलाय. त्यातून शाडूचा जो चेहरा निघाला, तो मी हातानं केला असता तर इतका खरा झाला नसता. आता हे कुठल्या बाजूला मोजायचं?

आवा_पेटला:
"कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येणारच." चिखलात आलीस ना शेवटी! शिक पोरी. पण तो गाल मशीननं नाही, चुकीनं केलाय.

@ओली_माती, बरण्या किती आहेत?

ओली_माती:
चोवीस. पाडव्याआधी द्यायच्यात.

आवा_पेटला:
रविवारी एक घेऊन या आणि तुमची चाकाची मातीही आणा, स्लिप नको. तोंड मोजून ओली झाकणं काढून देतो. त्या ११३.६ चा कागदही आणा, बघू कोण जवळ जातं ते.