मदत हवी आहे: घरामागं लॉन करायचंय, लव्हाळा पिच्छा सोडेना

घरधनी_लातूर: घरामागं मोकळी जागा आहे. खड्डे, उंचवटे, गाजरगवत, लव्हाळा, सगळं माजलंय. रोटाव्हेटर मारून घेतला, पाऊस पडला की पुन्हा तेच. दिवाळीत घरी कार्यक्रम आहे. कुठलं गवत लावू, खर्च किती? लवकर सांगा. "धीर धरा" सांगणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.

बांधावरचा: जागा केवढी? माती कसली? पाणी नळाचं की बोअरचं?

घरधनी_लातूर: 30 बाय 40 फूट. माती काळीच की, आपल्याकडं दुसरी कुठली असती?

मुरमाड: आमच्या वावरात या, वीतभर खणलं की मुरूम दाखवतो.

बांधावरचा: रोटाव्हेटरनंच घात केला. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत साखळीनं असतात. पातं फिरलं की साखळी तुटते अन् सुटी झालेली गाठ न् गाठ फुटते. आता तो हिरवागार वाढू द्या, दिवसभराची उघडीप बघून ग्लायफोसेट हे तणनाशक मारा आणि वाळेपर्यंत कुदळ लावू नका. औषध पानातून गाठीपर्यंत उतरायला पाहिजे. मग हरळीचे ठोंब लावा. नंतर लव्हाळा डोकावलाच तर उसात मारतात ते हॅलोसल्फ्युरॉन आहे, हरळीला धक्का लागत नाही.

शेणामातीची: लेकरं खेळणार तिथं विष कशाला? एप्रिल-मेमध्ये जमीन ओलवून पारदर्शक प्लास्टिक अंथरा, महिना-दीड महिना. आमच्या परभणीच्या उन्हात खाली काही तगत नाही.

बांधावरचा: ताई, त्यांना दिवाळी गाठायचीय, तुम्ही मे सांगताय! शिवाय लव्हाळ्याच्या खोल गाठी प्लास्टिकखालीही वाचतात.

आप्पा_निलंगा: आमच्या दोन पिढ्या हरळी खणण्यात गेल्या. आता ती मुद्दाम लावायची, वर पैसे देऊन! चालू द्या.

गच्चीवाला: मी संभाजीनगरला गच्चीवर प्लास्टिकचं गवत टाकलंय. पाणी नाही, खुरपणी नाही.

मुरमाड: मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी चालून दाखवा, मग बोलू.

आप्पा_निलंगा: पाण्याचं कोणी बोलतच नाही. 1200 चौरस फुटांवर 5 मिलिमीटर पाणी म्हणजे साडेपाचशे लिटर, तेही एका वेळचं. 2016 च्या एप्रिलमध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं होतं.

शेणामातीची: म्हणून तर हरळी. उन्हाळ्यात पिवळी पडेल, पावसाला पुन्हा फुटेल. बोअरचं पाणी खारट असलं तरी बरंच सोसते. नाजूक गालिच्याच्या नादी लागू नका.

मुरमाड: आणि उंचसखलपणाचं? काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. कोरड्यात सपाट केली तर पहिल्या पावसात पुन्हा खड्डे. आधी पाणी सोडून बसू द्या, वाफशावर, म्हणजे ओल बेताची झाली की, पोयटा अन् कुजलेलं शेणखत भरून फळी मारा. उतार घराकडून बाहेर काढा.

घरधनी_लातूर: बरं. मधोमध कडुलिंबाचं मोठं झाड आहे, त्याखाली पण हरळीच ना?

बांधावरचा: झाड आत्ता सांगताय? दाट सावलीत हरळी विरळ होते.

घरधनी_लातूर: तोडणार नाही. आईनं लावलंय.

आप्पा_निलंगा: तोडा कोण म्हणालं? भोवती पार बांधा, फक्त बुंध्याला मातीची भर घालू नका. कार्यक्रमाला माणसं तिथंच टेकतील. सावली सोडून गवतावर कोण बसतंय?

घरधनी_लातूर: खर्च अजून कोणीच सांगितला नाही.