कर्तव्यावर असताना वारलेल्या हवालदारांचा स्मृतिदगड : तारीख कुठं सापडेल आणि काळ्या मातीत पाया कसा घ्यावा?

मांजराकाठ :
आमच्या गावचे एक हवालदार साठच्या दशकाच्या शेवटी दरोडेखोरांच्या पाठलागात गोळी लागून गेले. गाव आता लातूर जिल्ह्यात. शाळेसमोर त्यांच्या नावाचा दगड 21 ऑक्टोबरच्या, म्हणजे पोलीस स्मृतिदिनाच्या, आत बसवायचाय. घरच्यांकडं वर्दीतला एक फोटो आहे, त्यात बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळखक्रमांक, दिसतो. तारीख मात्र कुणी पोळ्याची सांगतं, कुणी दसऱ्याची. शिवाय जमीन काळी. काय करावं?

जुनंदफ्तर :
लातूरला हेलपाटा मारू नका. तो जिल्हा उस्मानाबादमधून 16 ऑगस्ट 1982 ला निघाला, म्हणजे तुमचे कागद उस्मानाबादच्या, आताच्या धाराशिवच्या, पोलीस अधीक्षक कार्यालयाचे. नुसत्या बक्कल नंबरावर माणूस सापडत नाही. नंबर जिल्ह्यापुरता असतो, बदली झाली की बदलतो आणि मोकळा झालेला दुसऱ्याला जातो. जिल्हा आणि वर्ष सोबत द्या.

त्याआधी घरची ट्रंक उघडायला लावा. पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन होतं का? त्या आदेशावर मृत्यूची तारीख असते.

भरती निजामाच्या काळातली असेल तर सुरुवातीची पानं उर्दूत आणि तारखा फसली, म्हणजे निजामाच्या सरकारी कालगणनेतल्या, निघतील. हैदराबादी फसली सन ऑक्टोबरात सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरला 590 मिळवा, पुढच्या महिन्यांना 591. सन 1357 म्हणजे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948. सरसकट 590 धरलं की वर्ष चुकतं. आणि कागदात ‘अमीन’ दिसलं तर ते त्या काळच्या फौजदाराचं पद. ते कुणाचं नाव समजून दगडावर चढवू नका म्हणजे झालं.

नक्कलखाना :
ठाण्याची डायरी मुदत संपली की नष्ट करतात, त्यामुळं सत्र न्यायालयाचा निकाल शोधा. खुनासह दरोडा म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 396. घटना ज्या वर्षाची, खटल्याचा नंबर त्याच वर्षाचा असेलच असं नाही. पुढच्या दोन वर्षांच्या नोंदवह्याही चाळा. नकलेच्या अर्जात कारण स्पष्ट लिहा, कारण तुम्ही पक्षकार नाही.

पोलिसांकडं माहिती अधिकारात अर्ज करा : 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारली तर अपिलात कलम 8(3) दाखवा. 20 वर्षांपूर्वीच्या घटनेला ती सबब चालत नाही.

पोळा की दसरा, हा घोळ बहुतेक असा असेल : गोळी लागली एका दिवशी, प्राण गेला दवाखान्यात नंतर. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथंच होते, त्यामुळं गावच्या रजिस्टरात नाही म्हणून निराश होऊ नका.

टाकीचे_घाव :
आधी जागा. शाळेसमोर म्हणजे रस्त्याकडेला असेल तर नको, सर्वोच्च न्यायालयाच्या 18 जानेवारी 2013 च्या आदेशानं तिथं परवानगी मिळत नाही. शाळेच्या आवारात घ्या, ग्रामसभेचा ठराव आणि जागेच्या मालकाची, म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेची, लेखी संमती घेऊन.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि चौथरा एका बाजूला बसतो. मुरूम लागेपर्यंत खोदा. पाच फुटांतही लागला नाही तर तीन फूट माती काढून टाका आणि तिथं मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर पाणी मारून धुमसून. एकदम भरून वरून धुमसलं की खालचा थर पोकळच राहतो. भोवती दोन फूट फरशी, उतार बाहेर. पाणी पायाशी थांबलं की सगळी मेहनत वाया.

दगड काळा पाषाण, चार फूट उंच, दोन रुंद, चार इंच जाड. वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास, म्हणजे उचलायला माणसं हवीत. फूटभर चौथऱ्यात गाडा. अक्षरं तीन-चार मिलिमीटर खोल हवीत, नाहीतर दरवर्षी कुणीतरी रंग फासतं आणि अनुस्वार, रफार आधी बुजतात. मजकूर आधी कागदावर खऱ्या मापात छापून घरच्यांकडून वाचून घ्या.

परेडमैदान :
21 ऑक्टोबर हा 1959 ला लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला पडलेल्या 10 जवानांचा दिवस. मुख्यालयाच्या परेडला फक्त मागच्या 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्टमधली नावं वाचतात, तिथं तुमचं नाव येणार नाही. गावातच कार्यक्रम ठेवा. बिगूल आणि सलामीची तुकडी हवी तर अधीक्षकांना महिनाभर आधी पत्र द्या, त्या दिवशी सगळे मुख्यालयात अडकलेले असतात. सकाळची वेळ मागू नका. दिल्लीच्या राष्ट्रीय पोलीस स्मारकाच्या भिंतीवर नाव आहे का, तेही बघून घ्या.

मांजराकाठ :
बक्कल नंबर कोरावा का? आणि जिल्हा कोणता लिहावा, लातूर की धाराशिव?

जुनंदफ्तर :
नंबर कोरा, पण कागदावर जुळल्यावरच. खाली ‘उस्मानाबाद जिल्हा पोलीस’. त्यांच्या वेळी तेच होतं.