विषय: ४६वं शिखर, व्हाइटफेस, शनिवारी दुपारी

मंडळी, नमस्कार.

४४ शिखरं झाली. एस्थर आणि व्हाइटफेस राहिलीत. दोन्ही एकाच वाटेवर आहेत, त्यामुळे येत्या शनिवारी एकदमच उरकायची.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही चौघी कॅस्केडवर गेलो, तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिराँडॅक डोंगरांत ४००० फुटांवरच्या ४६ शिखरांची अशी यादी असते हे आमच्या गावीही नव्हतं. माथ्यावर भेटलेल्या एका आजोबांनी विचारलं, कितवं? आम्ही म्हटलं, पहिलंच. ते नुसते हसले. का हसले ते पुढे ॲलन शिखराच्या त्या लाल, शेवाळलेल्या खडकावरून मी बसल्या बसल्या खाली आले तेव्हा कळलं.

व्हाइटफेस मुद्दाम शेवटी ठेवलंय, तुमच्यासाठी. जवळजवळ माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे. पुढे डोंगराच्या पोटात बोगदा आणि बोगद्याच्या टोकाला थेट माथ्यावर नेणारी लिफ्ट. आम्ही पायथ्याच्या विल्मिंग्टन गावाहून चालत येतो, तुम्ही गाड्यांनी या. दीडच्या सुमारास वर भेटू. कोण कोण येणार ते खजिनदारांना कळवा, म्हणजे गाड्यांचं जमवता येईल.

– तुमची ताई

---

ताई,

अभिनंदन शनिवारीच करीन, आगाऊ नाही. पण व्हाइटफेस? नऊ वर्षं तंगडतोड करायची आणि शेवटचा फोटो लिफ्टमधून उतरलेल्यांच्या गर्दीत काढायचा? मी हेस्टॅक शेवटी ठेवलं होतं. चहूबाजूंनी नुसते डोंगर, आणि आम्ही तिघेच. अर्धा तास कुणी बोललं नाही.

आणि हिशोबाचं म्हणशील तर ब्लेक, क्लिफ, नाय आणि कूचसाक्राग ही चार नव्या मोजणीत ४००० फूट भरतच नाहीत. म्हणजे शनिवारी तुझी ४२ होतील. (चिडू नकोस, माझीही ४२च आहेत.)

– माजी अध्यक्ष

---

काका,

हेस्टॅकचा विचार केला होता. पण तिथल्या हाय पीक्सच्या राखीव रानात एका गटात दिवसा १५च माणसं चालतात, आणि जाऊन-येऊन सतरा-अठरा मैल होतात. आपल्या मंडळींपैकी तिथे कितीजण पोचतील? तुम्हाला शांतता हवी होती, तुम्ही हेस्टॅक ठेवलंत. मला ज्यांनी नऊ वर्षं "आता कितवं?" विचारलं ते सगळे वर हवे आहेत.

४२चं म्हणाल तर मार्शल बंधू आणि हर्बर्ट क्लार्क यांनी १९२५ मध्ये पहिल्यांदा ४६ पुरी केली ती त्या वेळच्या नकाशांवरून. पुढे मोजणी सुधारली, यादी तीच राहिली. कूचसाक्राग ३८२० फूट आहे हे मलाही ठाऊक आहे. तिथल्या दलदलीत माझा पाय मांडीपर्यंत गेला होता, आणि बूट काढायला दोघींना ओढावं लागलं. सगळ्यात जास्त शिव्या ज्याला घातल्या, नेमकं तेच वजा करायचं म्हणता?

एस्थर ४५वं ठेवण्यामागेही कारण आहे. ग्रेस हडोवल्स्की या ४६ पुरी करणाऱ्या पहिल्या बाई. १९३७ साली त्यांनी शेवटचं शिखर म्हणून एस्थरच गाठलं. पुढे कितीतरी वर्षं, ही शिखरं चढणारे लोक त्यांना पत्रं लिहून आपली हकीकत कळवायचे आणि त्या उत्तरं पाठवायच्या. २०१४ मध्ये ईस्ट डिक्सला त्यांचं नाव दिलं, ग्रेस पीक. आम्ही चौघी एस्थरवर दहा मिनिटं जास्त बसणार आहोत. उशीर झाला तर तो तिथला समजा.

– ताई

---

ताई, लिफ्ट बंद असली तर गं? माझे गुडघे तुला माहीत आहेत. आणि लिफ्टने येणं म्हणजे लबाडी, असं काकांच्या पत्रावरून वाटलं. मग मी घरीच बरी.

– काकू

---

काकू, घरी बिलकूल राहायचं नाही. त्या रस्त्याचं लोकार्पण १९३५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टांच्या हस्ते झालं. पोलिओमुळे त्यांना स्वतःला आधाराशिवाय चालता येत नव्हतं. त्या डोंगरावर गाडीनं येणाऱ्याला लबाड म्हणायचं काकांनी ठरवलं असेल, तर त्यांनी आधी रूझवेल्टांशी बोलून घ्यावं.

लिफ्ट बंद असेल तर वर दगडी पायऱ्यांची वाट आहे, पण ती तुमच्यासाठी नाही. रस्ता संपतो तिथल्या दगडी इमारतीत बसा. मी माथ्याला हात लावून खाली तुमच्याकडे येते. वारा किंवा ढग फार असले तर रस्ताच बंद ठेवतात, म्हणून शुक्रवारी रात्री पुन्हा मेल टाकीन. स्वेटर आणाच. बोगद्यात भर उन्हाळ्यातही थंडी वाजते.

– ताई

---

लबाडी हा शब्द माझ्या पत्रात कुठेही नाही. पुन्हा वाचावं.

काकूंना मी नेतो. माझ्या गाडीत सहा जागा आहेत. पाच भरा, सहावी परतीच्या वाटेसाठी ताईला ठेवतो.

– माजी अध्यक्ष

---

काका, सहावीही भरा. मी उतरणार पायीच. तुमच्यासारख्याच कुणीतरी नंतर हिशोब काढला तर?

– ताई

---

भरली. खजिनदार येताहेत. विल्मिंग्टनहून किती वाजता निघताय तेवढं कळव. काकूंना वर सोडून, जमलं तर शेवटचा मैलभर तुमच्या समोरून चालत येतो.

– माजी अध्यक्ष