मदत हवी आहे: गुडघा बदललेल्या आईला पिरॅमिडच्या आत नेता येईल का?

मेथीची_जुडी

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आई ६९ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं इतिहास शिकवला. इजिप्तचा धडा आला की फळ्यावर तीन त्रिकोण, खाली नाईल म्हणून एक वाकडी रेघ, आणि 'इजिप्त ही नाईलची देणगी' हे हेरोडोटसचं वाक्य मुलांकडून घोकून घ्यायचं. मी तिच्याच वर्गात होते, मलाही सूट नव्हती. आता जानेवारीत तिला घेऊन कैरोला चालले आहे. मुंबईहून थेट विमान आहे, तिकिटं झाली, व्हिसा झाला. कैरोत पूर्ण तीन दिवस हातात आहेत.

अडचण अशी, की आईला पिरॅमिड आतून बघायचाय. बाहेरून जन्मभर फोटोत पाहिला म्हणते. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला. सपाटीवर तासभर आरामात चालते, जिना एकेक पायरी करत चढते, पण उकिडवं बसणं बंद. बीपी गोळीवर ताब्यात आहे. बंद जागेची भीती नाही (आमच्या चाळीतल्या स्वयंपाकघरात तिने ३५ वर्षं काढली आहेत).

एका ट्रॅव्हल कंपनीकडे चौकशी केली. त्यांच्या कार्यक्रमात गिझाला (मोठे पिरॅमिड तिथेच) दोन तास आणि अत्तराच्या नि पपायरसच्या (जुन्या इजिप्शियन कागदाच्या) दुकानांना मिळून अडीच तास. आत नेणार का विचारलं तर "आत काही नसतं मॅडम, आणि सीनियर लोकांची जबाबदारी आम्ही घेत नाही." म्हणून आम्ही दोघीच निघालोय.

तर गिझाच्या सगळ्यांत मोठ्या, खुफू राजाच्या पिरॅमिडमध्ये तिला जमेल का? नसेल तर दुसरा कुठला? उंटवाले, गाइड वगैरेंना कसं तोंड द्यायचं? आणि आम्ही दोघी शाकाहारी, अंडंही नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

वाळूतला_उंदीर

मी दोन वर्षांपूर्वी आत जाऊन आलोय. जसं आहे तसं सांगतो, ठरवा तुम्ही.

आपण शिरतो तो मुळात दरवाजाच नाही. नवव्या शतकात खलिफा अल-मामूनच्या माणसांनी फोडलेलं भगदाड आहे असं सांगतात. तिथपर्यंत बाहेरून दगडांच्या पायऱ्या. थोडं आत गेलं की चढणीचा बोगदा लागतो आणि खरी परीक्षा तीच. उंची साधारण १.२ मीटर, रुंदी त्याहूनही कमी, लांबी ३९ मीटरच्या आसपास, चढ २६ अंशांचा. खाली फळ्या आणि त्यांवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. हाताला कठडा आहे. पण वर जाणारे आणि खाली येणारे एकाच बोगद्यात, त्यामुळे समोरून कोणी आलं की भिंतीला चिकटून थांबायचं, तेही वाकलेल्या अवस्थेत. बाहेर स्वेटर घालून उभा होतो, आत शर्ट पिळून काढण्याइतका भिजला.

त्यानंतर ग्रँड गॅलरी, ४७ मीटर लांब आणि साडेआठ मीटर उंच. पाठ सरळ होते, जीव भांड्यात पडतो. मात्र चढ तोच. शेवटी पुन्हा वाकून राजाच्या खोलीत. आस्वानहून नाईलमधून आणलेला लाल ग्रॅनाइट, वर नऊ शिळांचं छत, आणि एका टोकाला झाकण नसलेली, कोपरा फुटलेली दगडी पेटी. भिंतीवर एक अक्षर नाही, एक चित्र नाही. मी हात लावून दहा मिनिटं उभा राहिलो आणि मला तेवढं पुरलं. पण माझे गुडघे तेव्हा ३८ वर्षांचे होते, आणि दुसऱ्या दिवशी मीही जिना उतरताना विव्हळत होतो.

आतलं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि ते आवाराच्या तिकिटापेक्षाही महाग आहे.

शंकासूर

म्हणजे 'आत काही नसतं' हे कंपनीवाल्याचं म्हणणं खरंच की! पैसे देऊन घाम काढायचा आणि रिकामी पेटी बघायची.

अवांतर: ती पेटी चढणीच्या बोगद्यापेक्षा किंचित रुंद आहे. म्हणजे मागाहून आत नेलेली नाही, पिरॅमिड बांधतानाच तिथे ठेवली आणि भोवती बांधकाम वर नेलं. अजून अवांतर: धाकट्या मेनकौरेच्या पिरॅमिडमधली सुंदर कोरीव पेटी इंग्रजांनी १८३८ मध्ये 'बिअट्रिस' नावाच्या जहाजावर चढवली आणि ते जहाजच भूमध्य समुद्रात बुडालं. पेटी अजून तळाशी. आणि खुफूचं पोट अजून पुरतं उघडलेलंच नाही. २०२३ मध्ये उत्तरेच्या मूळ दाराच्या वर ९ मीटर लांबीची एक बंद वाट सापडली, तीही रिकामीच.

कडीपत्ता

शंकासूर, धागा गुडघ्याचा आहे हो.

@मेथीची_जुडी, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या आईला न तपासता 'हो' किंवा 'नाही' म्हणणार नाही, तुमच्या सर्जनना विचाराच. पण घरी एक प्रयोग करता येईल. वर १.२ मीटर दिलंय, म्हणजे चार फुटांना इंचभर कमी. पॅसेजमध्ये किंवा गच्चीत त्या उंचीवर सुतळी बांधा, चार-पाच ठिकाणी, आणि आईंना तिच्याखालून डोकं न लागता चाळीस मीटर चालायला सांगा. सपाटीवर. मध्ये एकदा दोन मिनिटं वाकलेलं थांबायचं. सपाटीवर जमलं नाही तर चढावर विषयच संपला. जमलं तर मग पुढचं बोलू.

अजून एक. गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. उतार फार असला की शिडी उतरतो तसं पाठमोरं उतरायचं, कठडा दोन्ही हातांनी धरून. लोक बघतील, बघू देत.

नाईलकाठचा_नाना

नोकरीनिमित्त तीन वर्षं कैरोत होतो. पाहुण्यांना पिरॅमिड दाखवून दाखवून उंट मला ओळखायला लागले होते.

माझं मत स्पष्ट आहे. आईंना आतून पिरॅमिडच बघायचा असेल तर खुफूचा हट्ट सोडा आणि सक्काऱ्याला जा. गिझापासून दक्षिणेला, गाडीने तासाभराच्या आत. बहुतेक लोक तिथे जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड बघतात, त्याच्या इम्होतेप या वास्तुकाराने बांधलेला, खुफूच्याही आधीचा. तो बघाच. पण तुमचं काम त्याच्या ईशान्येला, तेती राजाच्या पिरॅमिडमध्ये. बाहेरून अगदी दगडमातीचा ढिगारा, मी पहिल्यांदा पार्किंगचा भराव समजलो होतो. आत उतरणीचा बोगदा आहे, वाकावं लागतंच, पण खुफूच्या मानाने फार छोटा, आणि गर्दी जवळजवळ नाही. खाली पोचलं की भिंतींवर वरपासून खालपर्यंत उभ्या ओळींत चित्रलिपी. मेलेल्या राजाने आकाशात कसं जावं याचे मंत्र. हे मंत्र पहिल्यांदा कोरले गेले ते थोडं आधी, उनासच्या पिरॅमिडमध्ये, तोही सक्काऱ्यातच. खुफूच्या काळात ही पद्धतच नव्हती, म्हणून तिथे भिंती कोऱ्या. शंकासूर, 'आत काही नसतं' हे गिझापुरतं खरं आहे.

दहशूरचा लाल पिरॅमिड कोणी सुचवेल, त्यांचं ऐकू नका. खुफूचा बाप स्नेफेरू, त्याने बांधलेला, अप्रतिम आहे. पण आधी बाहेरून २८ मीटर चढायचं, मग ६० मीटरहून लांब बोगद्यातून वाकून उतरायचं आणि तसंच परत यायचं. वर आत अमोनियाचा वास. नव्या गुडघ्याला ही शिक्षा कशाला? त्याचा शेजारी वाकडा पिरॅमिड बाहेरून बघा. बांधता बांधता मध्येच कोन बदलावा लागला म्हणून कंबरेत मोडल्यासारखा दिसतो.

तेतीच्या शेजारीच मेरेरुका या त्याच्या वजिराची मस्तबा, म्हणजे सपाट छताची दगडी कबर आहे. तीसहून जास्त खोल्या, सगळ्या जमिनीच्या पातळीवर, ताठ मानेने फिरायचं. पाणघोड्यांची शिकार, सोनार, आणि कर थकवणाऱ्या गावप्रमुखांना धरून आणलंय असा देखावा. इतिहासाच्या बाईंना इथे निदान तासभर द्या.

गिझाचं थोडक्यात. पर्यटकांना आता फायूम रस्त्याच्या बाजूच्या नव्या दारातून घेतात आणि आत विजेच्या बस फिरतात, त्यामुळे आईंना चालणं कमी पडेल. तिकिटाला कार्डच लागतं, रोख नेऊन उपयोग नाही. मधला खाफ्रेचा पिरॅमिड सगळ्यांत उंच वाटेल, कारण तो उंचवट्यावर आहे. खरा उंच खुफूचाच. मेट्रोचं 'गिझा' स्टेशन बघून फसू नका, तिथून पिरॅमिड कित्येक किलोमीटर लांब आहेत. अ‍ॅपवरून गाडी बोलवा. ड्रोन असेल तर घरी ठेवा, विमानतळावरच जप्त होतो.

आता 'बक्षीस'. शब्द आपलाच वाटतो, पण तिथे बक्षीस म्हणजे स्पर्धेतलं नव्हे. दार उघडलं, बोट दाखवलं, तुमचा फोटो काढला, की हात पुढे. चिडून उपयोग नाही. पाच-दहा-वीस इजिप्शियन पौंडांच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा, एटीएम सगळ्या दोनशेच्या देतं. नको असेल तर 'ला, शुक्रन' (नको, धन्यवाद) म्हणायचं आणि थांबायचं नाही. थांबलात की संपलं. भारतीय दिसलात की 'अमिताभ बच्चन!' अशी हाक येईल, तीही थांबवण्यासाठीच असते, पण ऐकायला बरं वाटतं. उंटावर बसायचा भाव वेगळा आणि उतरायचा वेगळा निघू शकतो. तुमच्या आईंना तर उंट उठताना जो झटका देतो तोच नको.

खाण्याची काळजी सोडा. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा सॉस आणि कुरकुरीत तळलेला कांदा. नाव ऐकून खिचडी आठवते, पोटही तसंच भरतं. फूल म्हणजे बाकल्याची उसळ, तामिया म्हणजे त्याच बाकल्याचे वडे. मुलुखिया ही पालेभाजी दिसते, पण बहुधा कोंबडीच्या रश्शात शिजवतात, ती टाळा.

मेथीची_जुडी

नानासाहेब, दंडवत!

सुतळीचा प्रयोग काल केला. घरात चाळीस मीटर कुठून आणणार, म्हणून मजल्याच्या पॅसेजमध्ये लिफ्टपासून टोकापर्यंत दोन फेऱ्या. शेजारचे काका विचारायला आले, कपडे वाळत घालायला एवढी खाली दोरी का? आईने पहिली फेरी जोरात मारली. दुसऱ्या फेरीत मध्ये थांबायला सांगितलं तिथे तिने हात भिंतीला टेकले आणि म्हणाली, "खुफू राहू दे." मी काहीच बोलले नव्हते. सर्जनही म्हणाले, छोटा बोगदा सावकाश चालेल, मोठा नको.

तर तेती ठरलं. तिसऱ्या दिवशी नवं ग्रँड इजिप्शियन म्युझियम बघावं म्हणतेय. तिथे फार चालावं लागतं का?

नाईलकाठचा_नाना

खूप मोठं आहे, पण लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. व्हीलचेअर मागून घ्या, लाजू नका. तिकीट आधी ऑनलाइन काढा. तूतांखामेनच्या कबरीतलं सगळं सामान आता तिथे एकत्र आहे, आणि गिझाला खुफूच्या पिरॅमिडशेजारी होती ती त्याची लाकडी नौकाही २०२१ पासून तिथेच. राजांच्या ममी मात्र तिथे शोधू नका, त्या जुन्या कैरोतल्या फुस्तात भागातल्या वस्तुसंग्रहालयात आहेत.

मेथीची_जुडी

जाऊन आलो! उशिरा लिहितेय, पण धागा अर्धवट सोडायचा नाही असं इथेच शिकले.

गिझाला आई खुफूच्या पायथ्याशी एका शिळेला टेकून बसली, मी एकटी आत गेले. वाळूतला_उंदीर, शब्दन् शब्द खरा. बाहेर आले तेव्हा आईभोवती शाळेच्या सहलीला आलेल्या इजिप्शियन मुली जमल्या होत्या. ती मराठीत, त्या अरबीत, आणि फोटो चालू. बक्षीस कोणी मागितलं नाही.

सक्काऱ्याला तेतीच्या दाराशी रखवालदाराने आईकडे बघून मान हलवली. आईने पाठ फिरवली, कठडा धरला आणि पाठमोरी उतरायला लागली. कडीपत्ता, तुम्हाला हजार नमस्कार. मी तिच्या खालच्या बाजूला, तिच्या टाचा बघत, "अजून एक, अजून एक" करत. खाली मध्ये थोडं वाकून जावं लागतं, तिथे ती दोनदा थांबली. मग मंत्रांची खोली. मी भिंती बघत होते. आई वर बघत होती. छतावर रांगांनी चांदण्या कोरल्या आहेत, पाच टोकांच्या, आपण वहीत काढायचो तशा. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी एवढी वर्षं फक्त त्रिकोण काढत होते."

मेरेरुकाकडे तासभर नाही, पावणेदोन तास गेले. कर थकवल्याचा देखावा बघून तिला तिचे जुने केंद्रप्रमुख आठवले, कोणत्या बाजूचे ते विचारू नका.

गुडघा दुसऱ्या दिवशी सुजला होता, बर्फाने शेकला, म्युझियम व्हीलचेअरवरून केलं. कोशरी चार वेळा खाल्ली.

माझ्याकडे पाच-दहा-वीसच्या सुट्या नोटांचा चांगला जुडगा उरलाय. इतक्यात कोणी जाणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, डोंबिवलीत येऊन घेऊन जा.