मदत हवी आहे : तापल्यावर एकाच ईएल३४ चा बायस सरकतो

ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर, आउटपुटला दोन ईएल३४ ट्यूबा, पुश-पुल (दोघी सिग्नलचा एकेक अर्धा भाग सांभाळतात), फिक्स्ड बायस (ग्रिडला वेगळा उणे व्होल्टेज देऊन ट्यूबचा स्थिर करंट ठरवतात). प्लेटवर ४५० व्होल्ट, कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर, म्हणजे त्यावर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँप. प्लेटच्या कमाल २५ वॉटचे ७० टक्के धरून प्लेटचे ३९ मिलिअँप. कॅथोडला स्क्रीनचा (दुसऱ्या ग्रिडचा) करंटही मिसळतो, म्हणून ४२ मिलिव्होल्ट लावले. एक ट्यूब तिथेच राहते, दुसरी वीस मिनिटांत ५५ वर. ट्यूबांची अदलाबदल केली, दोष त्याच सॉकेटवर. म्हणजे ट्यूब निर्दोष.

त्या सॉकेटमधली ट्यूब काढून ५ नंबरच्या (ग्रिडच्या) पिनवर व्होल्ट मोजले : थंड असताना उणे ३८, तापल्यावर उणे ३६. ग्रिड रेझिस्टर २२० किलोओहम बरोबर भरतो, म्हणजे गळती जेमतेम ९ मायक्रोअँप! संशय ०.१ मायक्रोफॅरडच्या कपलिंग कपॅसिटरवर (आधीच्या टप्प्याचा सिग्नल ग्रिडला देतो, पण तिथला डीसी अडवतो). पण शेजारच्या ४ नंबरच्या पिनवर स्क्रीनचा हाय व्होल्टेज आहे, सॉकेटही गळत असेल. कपॅसिटरचं ग्रिडकडचं टोक सोडवून पुन्हा मोजलं तर दोघांतला दोषी नक्की कळेल का?