कोर्टाचं नाटक आणि साक्षीदाराचा पिंजरा
हौशी ग्रुपनी बसवलेल्या कोर्टाच्या नाटकाचा दुसरा अंक पडतो कारण सगळे बसूनच असतात, असं म्हणतात ते पटतं, पण माझ्या मते खरा घोळ न्यायाधीश, वकील आणि साक्षीदाराचा पिंजरा कुठे ठेवलाय त्यात असतो. हौशी ग्रुप न्यायाधीशाला मागे मधोमध उंचावर बसवतात, दिसतं भारी, पण वकील त्यांच्याकडे वळून बोलायला लागला की प्रेक्षकांना नुसती पाठ आणि अर्धी वाक्यं. न्यायाधीश एका बाजूला तिरके बसवा, आणि उलटतपासणीत वकिलाला साक्षीदारापेक्षा प्रेक्षकांच्या जवळ उभं करा, म्हणजे उत्तर देताना साक्षीदाराचा चेहरा आपोआप समोर येतो. आरोपीचं कामच मुळात ऐकणं आहे, एखाद्या तालमीत फक्त त्याच्याकडेच बघा. (आणि तो हातोडा कमी आपटा राव, इंग्लंडच्या कोर्टात तर वापरतच नाहीत.)

ज्युरी (म्हणजे खटल्याचा निकाल देणारे सामान्य नागरिक) प्रेक्षकांतूनच घ्यायची आयडियाही मस्त आहे, लेखिका आयन रँडच्या 'नाईट ऑफ जानेवारी सिक्स्टीन्थ' या कोर्टाच्या नाटकात १९३५ ला ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर) तेच केलेलं, फक्त दोन्ही निकालांचे शेवट बसवावे लागतात आणि हौशी लोक एकाचीच नीट तालीम करतात.