मदत हवी आहे: अर्ली व्होटिंगला साबांना (सासूबाईंना) मशीनवर मत देऊ दिलं नाही

गोदाकाठ (मंगळवार, 28 ऑक्टोबर 2025)
लवकर उत्तर हवंय, रविवारी संध्याकाळी 6 ला अर्ली व्होटिंग बंद होतंय.
आज इथे अमेरिकेत साबांना घेऊन अर्ली व्होटिंगला (मुख्य दिवसाआधीच्या मतदानाला) गेले होते. रांग नव्हतीच. टॅबलेटवर नाव सापडलं, पत्ता बरोबर. तरी टेबलावरच्या बाई म्हणाल्या, यांना मशीनवर मत देता येणार नाही, हवं तर प्रोव्हिजनल बॅलट (पडताळणीनंतर मोजायची कागदी मतपत्रिका) भरा. का, तर 'सिस्टीममध्ये तसं दाखवतंय'. त्याच टेबलावर माझं मत पाच मिनिटांत झालं! साबा काही न बोलता गाडीत जाऊन बसल्या. ठेवणीतली इरकल नेसून आल्या होत्या हो. नाशिकला असताना एकही मतदान चुकवलं नाही त्यांनी. प्रोव्हिजनल भरलं नाही, ती मतं मोजतच नाहीत असं ऐकलंय. आता काय करू? तक्रार कुठे करायची?

ह्यूस्टनकर
आयडी कोणता नेला होता? शंभरातल्या नव्वद वेळा घोळ तिथेच असतो. आमच्याकडे सातच प्रकारचे फोटो आयडी चालतात. लायसन्स नसेल तर पासपोर्ट न्या, किंवा फोटो असलेलं सिटिझनशिप सर्टिफिकेट. साबांचं वय 70 च्या वर असेल तर मुदत संपलेला आयडीसुद्धा चालतो. आणि फोन गाडीत ठेवा, 100 फुटांच्या आत वापरू देत नाहीत.

प्राजक्त
आधी राज्य सांगा. दर राज्याचा नियम वेगळा आहे. आणि साबांनी मेल-इन बॅलट (टपाली मतपत्रिका) मागवलं होतं का?

गोदाकाठ
न्यू जर्सी. लिहायचं राहिलं. आयडी कोणी मागितलाच नाही, नुसती सही घेतात. मेलने काहीही मागवलेलं नाही. सिटिझनशिप 2023 ची आहे, सगळे कागद व्यवस्थित आहेत.

ह्यूस्टनकर
आयडी न बघता मतदान? हे मला अजिबात पटत नाही. उद्या कुणीही कुणाच्याही नावावर जाऊन उभं राहील.

जर्सीत_बारा_वर्षं
ह्यूस्टनकर, तो वाद दुसऱ्या धाग्यावर घाला ना. इथे आयडी फक्त पहिल्यांदा मत देणाऱ्याला लागतो, तोही टपालाने नोंदणी करताना ओळख पटली नसेल तरच. बाकीच्यांची सही जुळवून बघतात.
गोदाकाठ, दुसऱ्या केंद्रावर जाऊन बघा. काउंटीतलं (म्हणजे जिल्ह्यातलं) कुठलंही अर्ली व्होटिंग केंद्र चालतं, शनिवारपर्यंत 10 ते 8 उघडं असतं. न्यूयॉर्क सिटीत माझ्या बहिणीला नेमून दिलेल्या केंद्रावरच जावं लागतं, आपल्याकडे तसं नाही.

प्राजक्त
दुसऱ्या केंद्रावरही तेच सांगतील, यादी एकच आहे. गोदाकाठ, साबांनी गेल्या वर्षी मत कसं दिलं होतं?

गोदाकाठ
नोव्हेंबर 2024 ला ना? तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून घरूनच पाठवलं. पण ते गेल्या वर्षीचं झालं. या वर्षी अर्ज केलेला नाही.

प्राजक्त
मग तेच कारण आहे. त्या अर्जात 'पुढच्या सर्व निवडणुकांसाठी' असा पर्याय असतो. त्यावर खूण केली की दर निवडणुकीला बॅलट आपोआप घरी येतं, पुन्हा अर्ज करावा लागत नाही. आणि एकदा बॅलट तुमच्या नावे निघालं की न्यू जर्सीत मशीनवर मत देता येत नाही, ते आलं नसेल किंवा कोरं पडलं असेल तरीही. मग प्रोव्हिजनलच. दोनदा मत पडू नये म्हणून हा नियम आहे. त्या बाईंनी नीट समजावून सांगायला हवं होतं, पण चुकीचं काही सांगितलं नाही. घरात पाकीट शोधा.

ह्यूस्टनकर
एवढं कशाला? ते बॅलट घेऊन जा, टेबलावर परत करा, की मशीनवर मत देता येतं. माझ्या शेजारच्या आजोबांनी असंच केलं.

प्राजक्त
टेक्सासमध्ये. इथे नाही. न्यू जर्सीत मेल बॅलट मतदान केंद्रावर स्वीकारतच नाहीत, ना अर्ली व्होटिंगला, ना 4 नोव्हेंबरला मुख्य मतदानाच्या दिवशी. कृपा करून त्यांना पुन्हा फेरी मारायला लावू नका. 74-75 वर्षांची बाई दुसऱ्यांदा तशीच परत आली तर तिसऱ्यांदा घराबाहेर पडणार नाही.

ह्यूस्टनकर
मी मदतच करतोय. आमच्याकडे अर्ली व्होटिंग शुक्रवारी 31 ला संपतं, यंदा मतपत्रिकेवर राज्याच्या 17 घटनादुरुस्त्या आहेत, वाचायलाच अर्धा तास गेला. लोकांनी वेळेत जावं एवढंच माझं म्हणणं.

निवृत्त_मास्तर
मी सातारा जिल्ह्यातून लिहितो आहे. तेथील नियम मला ठाऊक नाहीत, पण आपल्याकडेही हे असेच आहे. 85 वर्षांवरील मतदारांना आणि 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना 12 डी नमुना भरून घरून मतदान करता येते. अधिसूचनेपासून पाच दिवसांत तो द्यावा लागतो. 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला माझ्या 91 वर्षांच्या आईने असे मत दिले. अधिकारी घरी आले, चित्रीकरण झाले, पण मत गुप्तच राहिले. मात्र एकदा घरचे मतदान मंजूर झाले की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. आईला नंतर केंद्रावर जावेसे वाटत होते, तिला समजावताना मला फार जड गेले.
मी स्वतः अनेक वर्षे निवडणूक ड्युटी केली. बाहेरच्या मतदारसंघात ड्युटी लागली की नमुना 12 भरून टपाली मत, आपल्याच मतदारसंघात लागली तर ईडीसी (निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र) दाखवून ड्युटीच्या केंद्रावरच मत. दुसऱ्यांची मते नोंदवताना आपले मत राहून जाऊ नये, याची मी नेहमी काळजी घेतली.

अंजिरी
थोडं अवांतर. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) असेल तर महाराष्ट्रात मत देता येतं का? आई-बाबांचं नाव अजून पुण्याच्या यादीत आहे.

जर्सीत_बारा_वर्षं
नाही. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासींनाच 6 ए नमुना भरून नोंदणी करता येते, आणि मत द्यायला पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष तिथे जावं लागतं. आई-बाबा अमेरिकन नागरिक झाले असतील तर ते नाव काढून घ्या. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

गोदाकाठ (बुधवार)
पाकीट सापडलं. भारतातून आलेल्या दिवाळी अंकांच्या पार्सलखाली होतं, न उघडलेलं. गेल्या वर्षी अर्ज मीच भरला होता आणि ती खूण मीच केली असणार. साबांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे, पण मला जाऊनच मत द्यायचंय." प्राजक्त, प्रोव्हिजनल खरंच मोजतात का? आणि त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, मी शेजारी उभी राहिले तर चालेल का?

प्राजक्त
मोजतात. आधी मशीनची आणि टपालाची मतं होतात. साबांचं मेल बॅलट भरून परत आलेलं नाही याची खात्री करून मग त्यांचं प्रोव्हिजनलचं पाकीट उघडतात. सोबत एक प्रतिज्ञापत्र जोडलेलं असतं, ते पूर्ण भरायचं, सही करायची आणि फाडून वेगळं करायचं नाही. वेगळं केलं तर मत बाद.
घरचंच बॅलट भरलं तर ड्रॉप बॉक्समध्ये (मतपत्रिका टाकायच्या सरकारी पेटीत) 4 तारखेला रात्री 8 पर्यंत टाकता येतं. त्यांच्याऐवजी तुम्ही नेलंत तर पाकिटावर तुमचंही नाव आणि सही लागते. पोस्टाने पाठवलं तर 4 तारखेचा शिक्का हवा आणि पुढच्या 6 दिवसांत पोचायला हवं. दोन्ही मार्ग बरोबर आहेत, पण एकच निवडा.
शेजारी उभं राहता येतं. वाचता येत नसेल किंवा अपंगत्व असेल तर मतदार आपल्या पसंतीचा मदतनीस घेऊ शकतो, नोकरीतला मालक किंवा युनियनचा माणूस सोडून. व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टच्या 208 व्या कलमात आहे हे, साऱ्या देशाला लागू. तिथे गेल्यावर आधीच सांगा.

गोदाकाठ (शनिवार, 1 नोव्हेंबर)
झालं! त्याच केंद्रावर गेलो, त्याच बाई होत्या. या वेळी मी काय हवंय ते सांगितल्यावर त्यांनी कोपऱ्यातलं टेबल दिलं, साबांना खुर्ची दिली. मी प्रत्येक ओळ मराठीत सांगितली, मत कुणाला ते त्यांचं त्यांनी ठरवलं. चाळीस मिनिटं लागली. कोणी घाई केली नाही. प्रतिज्ञापत्र फाडू नका हे त्या बाईंनीच दोनदा सांगितलं आणि मत मोजलं गेलं का ते कसं बघायचं याचा कागद दिला. बाहेर आल्यावर साबांनी स्टिकर पदरावर लावला आणि नाशिकला मोठ्या जाऊबाईंना व्हिडिओ कॉल केला. पुढच्या वर्षीसाठी मेल यादीतून नाव काढायचा अर्ज भरून ठेवलाय, सोमवारी काउंटी क्लार्ककडे देणार.

निवृत्त_मास्तर
फार बरे वाटले. त्यांना माझा नमस्कार सांगा.

प्राजक्त
छानच. एक राहिलं. घरातलं ते पाकीट आता कोणीही पाठवायचं नाही. भरलेलं नसलं तरी टेबलावर ठेवू नका, कोणीतरी पोस्टात टाकेल.

गोदाकाठ
आत्ताच फाडलं.